नेमाचं कॅलिब्रेशन

शिकारी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डोक्यावर हॅट, हातात रायफल आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढणारा साहेब येतो. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या जो शिकारी होऊन गेला तो असा नव्हता. त्याच्याकडे बांबूचा कामठा असायचा, नाहीतर झाडाच्या दुबेळक्याला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधून केलेली गलोल. खिशात मातीच्या वाळवलेल्या गोळ्या. तो शेतकरीच होता. पावसाळ्यात भात, नागली, वरई पिकवायचा आणि ताटात भाकरीबरोबर काहीतरी पडावं म्हणून रानात जायचा. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या सगळ्या समाजांत असे हात तयार असलेले लोक होते.

माझं गाव मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला. शाखा मेकॅनिकल. त्यामुळे या माणसांकडे बघताना मला एक प्रश्न कायम पडायचा. यांचा नेम एवढा पक्का, मग हे प्रॅक्टिस कधी करायचे? रोज? आठवड्यातून एकदा? की रानात जायच्या आदल्या दिवशी? (म्हणजे आपण सबमिशनच्या आदल्या रात्री करतो तसं!)

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख शिकारीची जाहिरात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नाही. मारण्याचा प्रयत्न करणं, फासे लावणं, हाका घालणं, रानपाखरांच्या अंड्यांची नासाडी करणं हेही शिकारीतच येतं. म्हणजे गलोलीने तितर पाडणं किंवा सशावर बाण सोडणं हा गुन्हा आहे. रानडुकरांनी पिकाची नासाडी केली तरी त्यांना मारायचं असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी लागते. मला हे सगळं योग्यच वाटतं. पण शिकार बंद झाली म्हणून तिच्यामागचं ज्ञान टाकाऊ ठरत नाही, आणि त्यात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासारखा पुष्कळ मसाला आहे.

परदेशी उत्तर आणि आमच्या गावचं उत्तर

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे या प्रश्नाचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलंय. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांची शिकार करायची असेल तर दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. अंतर १०० मीटर, गोळ्या पाच, आणि पाचही ठरवून दिलेल्या भागात लागल्या पाहिजेत. चार लागल्या तर नापास, ए.टी.के.टी. नाही! फिनलंडमध्ये अशीच परीक्षा ७५ मीटरवर होते आणि पास झालं की ती तीन वर्षं चालते. यामागचा विचार सरळ आहे. नेम चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात तडफडत राहतं. तेव्हा आधी सिद्ध करा, मग जा.

आमच्याकडे परीक्षा वगैरे प्रकार नव्हता. मी गावातल्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही तरुणपणी नेमाची प्रॅक्टिस किती वेळा करायचात?" त्यांना प्रश्नच कळला नाही. दोन-तीन वेळा फिरवून विचारल्यावर हसले आणि म्हणाले, "अरे, गुरांमागं फिरताना दिवसभर दगड मारायचेच की! कधी आंब्याला, कधी खुंटाला, कधी पाण्यात तरंगणाऱ्या पानाला. त्याला काय प्रॅक्टिस म्हणतात होय?"

मग थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाळा सरला की घराच्या आढ्याला टांगलेला कामठा खाली काढायचा, नवी दोरी चढवायची आणि पहिले काही दिवस गवताच्या पेंढ्यावरच बाण सोडायचे. "का?" तर "कामठा बदललेला असतो, आणि आपणपण."

हे वाक्य ऐकल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण लॅबमध्ये प्रेशर गेज किंवा व्हर्निअर वापरण्याआधी काय करतो? झिरो एरर बघतो. आजोबा ज्याला 'कामठा बदलतो' म्हणत होते त्याला आपण ड्रिफ्ट म्हणतो, आणि पेंढ्यावर बाण सोडण्याला म्हणतो कॅलिब्रेशन. मग 'सराव किती वेळा?' हा प्रश्न 'उपकरण किती वेळा कॅलिब्रेट करायचं?' असा होतो. त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. ते जेवढ्या लवकर सरकतं, तेवढ्या वेळा.

काय काय सरकतं?

पहिलं, बांबू. बांबू हवेतला ओलावा शोषतो आणि ओला झाला की त्याचा स्टिफनेस कमी होतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे; चार महिने घरातलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही. शिवाय कामठा दोरी चढवून तसाच ठेवला तर बांबू हळूहळू त्या बाकातच बसतो. मटेरियल सायन्समधलं क्रीप ते हेच. म्हणून काम झालं की दोरी उतरवून ठेवायची ही जुनी शिस्त.

दुसरं, रबर. ट्यूबचं रबर ऊन आणि हवेने कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. दोन पट्ट्यांपैकी एक जास्त थकली तर गोळी एका बाजूला ओढ घेते.

तिसरं आणि सगळ्यात जास्त सरकणारं उपकरण म्हणजे माणूस. दोरी किती ओढायची, हे तो हाताच्या अंदाजाने ठरवतो. कामठा स्प्रिंगसारखा धरला तर बाणाचा वेग साधारण ओढीच्या प्रमाणात असतो. ओढ पाच टक्के कमी पडली तर वेग पाच टक्के कमी, आणि बाणाचं खाली पडणं सुमारे दहा टक्के जास्त. म्हणून तिरंदाज दोरी ओढून हात दर वेळी चेहऱ्याच्या एका ठरलेल्या जागीच टेकवतो, हनुवटीशी किंवा गालाच्या हाडाशी. ऑलिम्पिकचा खेळाडू असो नाहीतर मोखाड्याचा गुराखी, ही युक्ती दोघांचीही सारखीच. मात्र ती जागा डोक्याने लक्षात ठेवून भागत नाही, ती हाताला माहीत असावी लागते, आणि हात फार लवकर विसरतो.

चुकीचं गणित

आता थोडी आकडेमोड. (घाबरू नका, एम-थ्री नाही, अकरावीचं फिजिक्स आहे.)

दिवाळीच्या सुट्टीत मी एका जुन्या कामठ्याच्या बाणाचा वेग मोजून पाहिला. २० मीटरवर गवताचा पेंढा ठेवला, मोबाईल बाण सोडणाऱ्याच्या पायाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला. दोरीचा 'टण्ण' आणि बाण लागल्याचा 'थप्प' यात अंतर आलं ०.५६ सेकंदाच्या आसपास. 'थप्प' परत येताना आवाजाला २० मीटर यायला ०.०६ सेकंद लागतात, ते वजा केले. उरला अर्धा सेकंद, म्हणजे वेग सुमारे ४० मीटर प्रतिसेकंद.

या वेगाने बाण १० मीटर गेला तर वाटेत सुमारे ३१ सेंटिमीटर खाली पडतो. २० मीटरला १ मीटर २३ सेंटिमीटर. ३० मीटरला पावणेतीन मीटर! म्हणजे लक्ष्याच्या बऱ्याच वर नेम धरावा लागतो, आणि किती वर ते अंतराच्या अंदाजावर ठरतं.

हा अंदाज चुकला तर? समजा १० मीटर अंतर तुम्ही साडेबारा समजलात. बाण लक्ष्याच्या ८ सेंटिमीटर वरून जाईल. आता २० मीटर अंतर २५ समजलात. चूक तेवढीच, पंचवीस टक्के. पण बाण ३० सेंटिमीटर वरून जाईल. अंतर दुप्पट, फटका चौपट. त्यात हात एक अंशाने हलला तर १० मीटरवर १७ सेंटिमीटर आणि २० मीटरवर ३५ सेंटिमीटरची चूक वेगळीच.

आणखी एक गंमत. २० मीटरवर दोरीचा आवाज ०.०६ सेकंदात पोचतो आणि बाण अर्ध्या सेकंदाने. म्हणजे समोरच्या पाखराला पळायला ०.४४ सेकंद मिळतात. दचकून उडायला एवढा वेळ भरपूर झाला. १० मीटरवर हाच वेळ निम्मा होतो.

या आकड्यांवरून लक्षात येईल की आमच्या जुन्या शिकाऱ्यांचं खरं कौशल्य नेमात कमी आणि जवळ जाण्यात जास्त होतं. वारा कुठून येतो, वाळकं पान कुठे वाजेल, पाखरू पाण्यावर केव्हा उतरतं हे ओळखून ते अंतर कमी करायचे. आपल्याला कुठपर्यंत खात्रीने लागतं हे त्यांना रोजच्या दगड मारण्यातून नेमकं ठाऊक असायचं, आणि त्या अंतराच्या पलीकडे ते दोरी ओढतच नसत. आपण ज्याला उपकरणाची रेंज म्हणतो ती त्यांनी स्वतःची मोजून ठेवलेली होती.

गोफणीचं उदाहरण उलट बाजूने बघण्यासारखं आहे. पीक राखताना माळ्यावर बसून पाखरं उडवायला गोफण वापरतात. समजा ती सेकंदाला तीन फेऱ्या मारते आहे. सोडायला एका सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला तर दिशा जवळजवळ ११ अंशांनी बदलते, आणि ३० मीटरवर दगड पाच-सहा मीटर बाजूला पडतो. म्हणूनच गोफणीचं काम पाखरू टिपणं हे नव्हेच, ते 'हो हो हो' करून उडवून लावणं. ज्या साधनाची जेवढी अॅक्युरसी तेवढंच काम त्याला द्यायचं, हा नियम आमच्या लोकांनी पुस्तकाशिवाय पाळला.

रोज थोडं की एकदम भरपूर?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. समजा महिन्याला दीडशे बाण सोडायचे आहेत. एका रविवारी सगळे सोडावेत की रोज पाच-पाच?

यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालंय. बॅडली आणि लाँगमन या दोघांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ब्रिटनमधल्या पोस्टमननां टायपिंग शिकवायचं होतं. काहींना रोज एक तास शिकवलं, काहींना दोन तास, काहींना दिवसात चार तास. एकूण कमीत कमी तासांत शिकले ते रोज एकच तास बसणारे. पण मजा अशी की आपल्या पद्धतीवर सगळ्यात नाराजही तेच होते, कारण त्यांना दिवस जास्त लागले! रट्टा मारणारा विद्यार्थी खूश का असतो ते यावरून कळावं.

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग केर आणि बूथ यांचा. आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांनी भरलेली छोटी पिशवी जमिनीवरच्या निशाणावर टाकायची होती. एका गटाने सगळा सराव तीन फुटांवरून केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून. तीन फुटांवरून एकदाही नाही. शेवटी परीक्षा तीन फुटांवरून घेतली, आणि जिंकला दुसरा गट. बदलत्या अंतराचा सराव केलेल्या मुलांना न केलेलं अंतरही जमलं.

आता आजोबांचं उत्तर आठवा. कधी आंबा, कधी खुंट, कधी पाण्यातलं पान. रोज थोडं, आणि दर वेळी अंतर वेगळं, उंची वेगळी, उभं राहायची जागा वेगळी. कुणी अभ्यासक्रम आखून दिला असता तरी याहून चांगला आखला नसता. शिवाय गुरं राखायचीच होती, त्यामुळे वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नाही.

बंदुकीने काय बिघडवलं?

कुणी म्हणेल, बंदूक असताना एवढी उठाठेव कशाला? गणिताने बघू. ठासणीच्या बंदुकीच्या गोळीचा वेग समजा ३०० मीटर प्रतिसेकंद धरला, तर ५० मीटरवर ती फक्त १४ सेंटिमीटर खाली पडते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. जवळ जायची गरज संपली, आणि रोजच्या दगडांचीही.

पण जवळ जाण्याने आणखी एक काम आपोआप होत होतं. समोर नेमकं काय आहे ते दिसत होतं. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. डुक्कर समजून गोळी झाडली गेली. ती लागली त्यांच्याच साथीदाराला. तो गेला. बाकीच्यांनी घाबरून ही गोष्ट लपवली, आणि ती उघडकीस आल्यावर पोलिसांनी त्यांना अटक केली.

त्या वेळी नेम चुकला नव्हता. चुकली होती ओळख. कुठल्याही मशीनची ताकद वाढवताना आपण सेफ्टी इंटरलॉक बसवतो. आधी खात्री, मग स्विच. कामठ्याच्या तोकड्या रेंजमध्ये हा इंटरलॉक फुकट मिळत होता. दहा पावलांवर माणूस आणि डुक्कर यात गल्लत होत नाही. बंदुकीत तो निघून गेला, आणि त्याची जागा घेणारी शिस्त कुणी शिकवली नाही. नुसत्या बेकायदा शिकारीवर बोट ठेवून हा विषय संपवू नये असं मला वाटतं ते यासाठी. हातात ताकद आली आणि सराव गेला, तर काय होतं ते आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलंय.

हा नेम आता न्यायचा कुठे?

आज माझ्या वयाच्या मुलांच्या हातात तो नेम उरलेला नाही. दिवाळीनंतर अनेक घरं वीटभट्टीवर नाहीतर भिवंडी-वसईकडे कामाला जातात. मुलं आश्रमशाळेत. गुरांमागे दिवसभर फिरणारा पोरगा आता कमीच दिसतो. शिकार थांबली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर तो हातही थांबला. पाच वर्षं कॅलिब्रेट न केलेल्या गेजवर कोण विश्वास ठेवेल?

या हाताला दुसरं काम देता येतं याचा पुरावा मात्र आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबा राम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्याने रानात पाखरं टिपत मोठा झाला. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत तो निवडला गेला. पाच वर्षांत, १९९२ मध्ये बीजिंगला, त्याने ३० मीटर प्रकारात ३६० पैकी ३५८ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. तीन ऑलिम्पिक खेळला. आपल्या महाराष्ट्रातही तिरंदाजीची हवा आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात महिलांमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि पुरुषांमध्ये नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा फक्त १७ वर्षांची होती.

अर्थात रानातला नेम आणि मैदानातला नेम एक नाही, हेही समजून घ्यायला हवं. ऑलिम्पिकमध्ये अंतर ७० मीटर आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं. कोनात मोजलं तर अख्खं वर्तुळ एका अंशाच्या दहाव्या भागात बसतं. तिथे अंतर बदलत नाही, पाखरू उडत नाही, जवळ जाता येत नाही. फक्त तीच क्रिया तशीच्या तशी पुन्हा करायची. म्हणूनच जगातले आघाडीचे तिरंदाज दिवसाला शेकड्यांनी बाण सोडतात. आमच्या मुलांना दोरी ओढायची ताकद आणि अंतराची नजर घरातून मिळेल, पण हा कंटाळवाणा भाग शिकवायला प्रशिक्षकच लागेल.

सुरुवात मात्र महागड्या धनुष्यापासून करायची गरज नाही. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा स्पर्धाप्रकार आहे, त्यात बांबू-लाकडाचा साधा धनुष्यबाण चालतो. आश्रमशाळेचं मैदान, गवताचे पेंढे, मागे मातीचा उंच बांध आणि आठवड्याला एक नव्हे तर रोजची वीस मिनिटं, एवढ्यावर पहिलं वर्ष निघेल.

आणि इथे आपलं काम येतं. आपल्या कॉलेजचं एन.एस.एस. शिबिर एखाद्या वर्षी जव्हार किंवा मोखाड्याला न्या. मेकॅनिकलवाल्यांनी वेगवेगळ्या ओलाव्यात बांबूचा स्टिफनेस मोजावा, आपल्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर सहज होईल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी दोन मायक्रोफोन लावून बाणाचा वेग दाखवणारं छोटं सर्किट बनवावं, म्हणजे कुणाची ओढ कमी-जास्त होते ते मुलांना लगेच कळेल. कॉम्प्युटरवाल्यांनी रोजचे गुण टिपून कुणाचा हात केव्हा सरकतो याचा आलेख काढावा. सिव्हिलवाल्यांनी तो मातीचा बांध नीट घालून द्यावा, कारण बाण कुठे थांबणार हे आधी ठरलं पाहिजे. आणि शिकवायला बसताना गावातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा. कामठा कुठल्या बांबूचा, तो केव्हा तोडायचा, दोरी कशी वळायची हे आपल्या एकाही टेक्स्टबुकात नाही. ते सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा हा प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरवर ढकलू नये एवढीच विनंती.